तुम्हाला डोंगरावर नेण्याची कारणं

आबा, तुम्ही नॅशनल पार्कात यावं म्हणून मी तुम्हाला एकूण पाच कारणं सांगितली. पाचांतलं एकही खोटं नव्हतं. फक्त खरं कारण त्यांत नव्हतं. तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले, आता ते सांगायला हरकत नाही. मला तुमचे डोळे तपासायचे होते.

लोक सासऱ्याला दवाखान्यात नेतात, मी डोंगरावर नेलं. दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही ओट्यावरून उठून सरळ किनाऱ्याकडे चालू लागायचात. आणि तुमच्या नजरेबद्दल घरात शंका काढणं म्हणजे काय, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तुम्ही तांडेल. होडी कुठे न्यायची हे तुम्ही सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं. समुद्रात आपली जाळी लावायचे खुंट कुठे रोवलेत ते लांबून कुणालाच दिसत नाही, पण तुम्ही होडी नेमकी तिथे नेऊन उभी करायचात. ती दोन खुणांच्या जोरावर. किनाऱ्यावरचं आपलं पांढरं देऊळ आणि त्याच्या मागे, पार दूर, बोरीवलीच्या डोंगराचा खांदा. देऊळ खांद्याच्या बरोबर खाली आलं की खाडीच्या तोंडाशी असलेला खडक टळला. देऊळ दोन बोटं डावीकडे सरकलं की जाळी आली. हात लांब करून बोटांनी मोजायचं. कोळीवाड्यातले सगळे तांडेल असंच मोजतात, पण तुमची बोटं चुकत नाहीत असं लोक म्हणायचे.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी मी वाढले. माझे बाबा मालवणाकडचे, गिरणी सुटल्यावर नॅशनल पार्कच्या दाराशी शहाळी विकायला बसले. म्हणजे ज्या डोंगरावर मी बोरं वेचत होते, त्याच्याकडे बघून तुम्ही मासे धरत होतात. जगनने मला घरी आणलं तेव्हा जातीबाहेरची, शाळेत शिकवणारी मुलगी बघून आईंचा चेहरा उतरला. तुम्ही एवढंच विचारलंत, “बोंबील साफ करता येतात काय?” मी म्हटलं, येतात. “मंग झालं,” म्हणालात, आणि त्या दिवसापासून मी तुमची मास्तरीण झाले. हे मी विसरलेले नाही. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगून ठेवते.

संशय मला नारळी पौर्णिमेला आला. त्या दिवशी बायकापोरांना होडीतून फिरवून आणायची आपली पद्धत. होडीला पताका लावल्या होत्या, आम्ही सगळ्या नवी पातळं नेसून, डोक्यात फुलं माळून बसलो होतो. तुम्ही मागे सुकाणू धरून, जगन पुढे नाळेवर. तुम्ही मागून विचारत होतात आणि तो पुढून उत्तरं देत होता.

“बोल, खांदा कुठं आला?”

“देवळाच्या उजवीला.”

“किती?”

“तीन बोटं.”

“मंग?”

“मंग अजून जरा उत्तरेला घ्यायला पायजे.”

पाढे म्हणावेत तसं चाललं होतं. आई माझ्या कानाशी लागून अभिमानाने म्हणाल्या, “असाच शिकवतो पोराला. कवा नाय कवा होडी त्याच्याच हातात जानार ना.” मला कौतुक वाटलं. मग जगन चुलतबहिणींशी मस्करी करण्याच्या नादात “देवळाच्या डावीला” असं बोलून गेला आणि तुम्ही सुकाणू फिरवलंत. होडी वळायला लागली तसा तोच ओरडला, “नाय नाय आबा, उजवीला, उजवीला.” सगळे हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, “बगत होतो, तुजं ध्यान हाय का नाय.”

मी हसले नाही. सहा वर्षं मी चौथीच्या वर्गाला प्रश्न विचारतेय, आबा. ज्याला उत्तर ठाऊक असतं, तो प्रश्न विचारून मुलाच्या तोंडाकडे बघतो. चूक कानावर पडली की त्याचं काहीतरी हलतं, भुवई म्हणा, बोट म्हणा. तुम्ही जगनच्या तोंडाकडे बघत नव्हतात, कान त्याच्याकडे केला होता. आणि चूक ऐकून तुमचं काहीच हललं नाही. हललं ते सुकाणू. तुम्ही विचारत होतात ते शिकवायला नव्हे, तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून, असं माझ्या मनात आलं.

नंतर मी तुमच्यावर पाळत ठेवली. रविवारी सकाळी सगळी आळी आपल्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसायची, तुम्ही सगळ्यांच्या पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर. विचारलं तर म्हणायचात, आवाज नीट येत नाय. चहाची बशी पुढे केली की तुमचा हात आधी जमिनीवर टेकायचा, मग सरकत बशीकडे यायचा. बोंबील वाळत घालायला आपण दाराशी बांबूचा मांडव उभा केला, त्याला तुम्ही एका आठवड्यात दोनदा धडकलात आणि मांडव चुकीच्या जागी उभारला म्हणून आईंना बोललात. जाळं मात्र आधीसारखंच विणत होतात, पण त्याला डोळे लागतच नाहीत, बोटं लागतात.

जगनला का सांगितलं नाही? खात्री नव्हती हे एक. आणि भीती वाटत होती हे दुसरं. जगनच्या लेखी तुम्ही देव. दोन वर्षांपूर्वी उंबरा ओलांडून आलेली सून ‘तुझ्या बापाला दिसत नाही’ असं म्हणते, ते चुकीचं निघालं तर त्या घरात माझं काय राहिलं असतं? पण बरोबर निघालं तर? रोज माझा नवरा त्या होडीतून जात होता. त्याच्याबरोबर रामा आणि आणखी दोन खलाशी जात होते. म्हणून ठरवलं, आधी खात्री करायची. कोळीवाड्यापासून लांब, जिथे तुमची लाज जायला ओळखीचं कुणी नसेल अशा ठिकाणी.

मग मी कारणं सांगायला लागले. पहिलं सांगितलं, कान्हेरीला दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, ऐन उन्हाळ्यात पाणी कसं गार लागतं. तुम्ही म्हणालात, “मडक्यात पन गारच असतं.” दुसरं, हरणं मोकळी हिंडतात. “खाऊ देत नाय, निस्ती बगून काय करू?” तिसरं, जाळीच्या गाडीत बसून सिंह बघता येतो. यावर तुम्ही आळीत ऐकू जाईल एवढं हसलात. “सिंव्ह भायेर नि मानूस पिंजऱ्यात, आनि त्यासाठी तिकीट काढायचं? शाळेत हेच शिकवतंस काय?” चौथं कारण मला स्वतःला फार आवडायचं. तिथे कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळा उतार जांभळा होतो, माणसाच्या आयुष्यात किती वेळा बघायला मिळणार? तुम्ही जाळ्याची गाठ मारत शांतपणे म्हणालात, “डोंगर मना लांबूनच बरा. चाळीस वर्सं त्यानं मना सांबाळलंय. त्याच्या डोक्यावर कशाला चढू?”

हे तुम्ही इतक्या मनापासून म्हणालात की मी महिनाभर गप्प बसले.

पाचवं कारण मी पौषात सांगितलं. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, होडी किनाऱ्याला होती. म्हटलं, “आबा, कान्हेरीच्या माथ्यावरून आपल्या खाडीचं तोंड दिसतं. तुम्ही इतकी वर्षं समुद्रातून डोंगर बघितला, एकदा डोंगरावरून आपला समुद्र बघा. जाळी कुठे लागतात ते मला वरून दाखवा.” तुम्ही गाठ अर्धी ठेवलीत. माझ्या दिशेने तोंड वळवलंत. मग म्हणालात, “रविवारी येतो.” मला वाटलं, जिंकले.

बोरीवलीला उतरून पार्काच्या दारापर्यंत चालत गेलो. माझ्या बाबांनी व्याह्यांसाठी निवडून शहाळं ठेवलं होतं. “चढतलास मा?” त्यांनी विचारलं. “पायऱ्यो झिजलेल्यो आसत, बेतान चला.” त्यांनी शहाळं पुढे केलं आणि तुमचा हात त्याच्या वीतभर बाजूने हवेत गेला. बाबांना वाटलं, व्याही संकोच करतायत. त्यांनी तुमचा हात धरून त्यात शहाळं दिलं.

कान्हेरीपर्यंत बस होती. पायऱ्या मात्र तुम्ही माझ्या आधी चढलात. चपला काढून हातात घेतल्यात, पाय घासत पायरीची कड शोधत होतात, आणि एकदाही अडखळला नाहीत. पाण्याच्या टाकीशी थांबून ओंजळभर पाणी प्यायलात, “चांगलं हाय,” म्हणालात. एका लेण्याच्या खांबावर हात फिरवत किती वेळ उभे राहिलात. “कोनी कोरला असंल? हातानं?” पाटीत काकड्या घेऊन बसलेल्या आदिवासी बाईशी गप्पा मारल्यात, तिची काकडी माकडाने पळवली तेव्हा तिच्यासारखेच तुम्हीही त्याला शिव्या घातल्यात. मधेच मला वाटलं, सोडून द्यावं सगळं. सासरा आणि सून रविवारचे फिरायला आलेत, एवढंच राहू द्यावं. तो दिवस चांगला होता, आबा.

माथ्यावर आलो तर खाली काहीच नव्हतं. धुकं आणि शहराचा धूर मिळून सगळं पांढरंफटक. खाडी नाही, किनारा नाही, पायथ्याची बोरीवलीसुद्धा नाही. मी ठरवून आले होते की तुम्हाला काय काय दिसतं ते विचारायचं. पण त्या पांढऱ्याकडे बघून माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

“आबा, नशीब आपलं. खाडीचं तोंड अगदी स्वच्छ दिसतंय. पाणी कसं चकाकतंय बघा.”

तुम्ही वारा येत होता त्या बाजूला तोंड करून उभे राहिलात. मग म्हणालात, “हो. दिसतंय ना.”

“आणि आपली जाळी?”

तुम्ही हात लांब केलात, बोटं जुळवलीत, आणि त्या धुक्यात एक जागा दाखवलीत. “तिथं.”

मला रडू आलं. तुम्हाला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी लांब जाऊन नाक शिंकरलं. खात्री हवी होती ती झाली होती, आणि ती मी तुम्हाला फसवून मिळवली होती. वर्गात एखाद्या मुलाला असं खोटं बोलून पकडलं असतं तर मला स्वतःची शरम वाटली असती.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सोमवारी म्हटलं, होडी किनाऱ्यालाच आहे, घाई कशाला. मंगळवारपासून होडी जायला लागली. रोज सकाळी जगनच्या डब्यात भाकरी बांधताना ठरवायचे, आज सांगायचं. रोज होडी परत आली की म्हणायचे, आली ना सुखरूप, जगनचे डोळे आहेत की होडीवर. उद्या बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ मी घट्ट धरून बसले होते आणि आत काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. असं मी समजत होते.

आठव्या दिवशी, पुढच्या सोमवारी, जगन तापाने फणफणला. अंगाला हात लावला की चटका बसत होता. सकाळची भरती साधून होडी निघायची होती. उधाणाचे दिवस जेमतेम सरत होते, पाण्याला ओढ होती. रामा दारात येऊन हाक मारून गेला. तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आलात.

“जगन येत नाय काय?”

“ताप आहे,” मी म्हटलं. “फार आहे.”

तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात. एक पाय आत, एक बाहेर. मी जगनच्या कपाळावर ओली पट्टी धरून बसले होते. मला दिसत होतं की होडीचे डोळे माझ्या मांडीवर तापात पडलेत आणि तुम्ही त्यांच्याशिवाय निघालात. मी म्हणू शकत होते, आबा, आज जाऊ नका. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, तुम्ही कारणसुद्धा विचारलं नसतंत. तुम्ही उभे होतात. मी पट्टी पिळली. पुन्हा भिजवली. पुन्हा कपाळावर ठेवली. मग तुमच्या पावलांचा आवाज लांब गेला.

होडी यायची वेळ टळली. मी शाळेला गेले नाही. किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, बाकीच्या होड्या येत होत्या, मासळीचा लिलाव सुरू झाला होता. आई म्हणाल्या, “येल, उशीर होतो कवा कवा,” पण त्या बसल्या नाहीत, उभ्याच होत्या. ऊन चढलं. मग दुसऱ्या एका होडीच्या मागे दोर बांधून आपली होडी ओढत आणलेली दिसली. नाळेची फळी फुटली होती. तुम्ही मागे सुकाणूपाशी ताठ बसला होतात. रामा तळाशी आडवा होता आणि त्याचा उजवा हात टॉवेलात गुंडाळला होता.

काय झालं ते त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. येताना नाळेवर रामा होता. तुम्ही जगनला विचारायचात तसं त्याला विचारलंत, देऊळ कुठं आलं? देवळाच्या बाजूलाच किनाऱ्याला नवी उंच इमारत झाली आहे, तिच्या गच्चीवर पांढरी टाकी. रामा जाळ्यातली मासळी उपसत होता, वर बघून त्याने टाकीलाच देऊळ म्हटलं. “खांद्याच्या खाली आलं तांडेल,” तो म्हणाला, आणि तुम्ही होडी सरळ खडकावर घातलीत. त्याचा हात होडी आणि खडक यांच्यामधे सापडला.

“माझीच नजर चुकली,” रामा किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत होता. हात लोंबत होता आणि तो माफी मागत होता. तुम्ही काही बोलला नाहीत. लोक म्हणाले, बघा, होडी फोडली तरी तांडेल एका शब्दाने बोलला नाही.

त्याच संध्याकाळी मी जगनला सांगितलं. तापातच सांगितलं. त्याने आधी मला वेड्यात काढलं, मग नारळी पौर्णिमेचं आठवलं तसा भिंतीकडे तोंड करून रडला. दुसऱ्या दिवशी त्याने तुम्हाला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मला एवढंच दिसलं की तुम्ही होडीचा डबा आणि पाण्याचा कॅन त्याच्याकडे दिलात आणि त्यानंतर होडीवर पाय ठेवला नाहीत. बाहेर सांगितलं गेलं की आबांचे गुडघे धरले. डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हटलं. गेलेली नजर परत येत नाही, आधी आणायला हवं होतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही भलतीकडेच मान हलवत होतात.

आणि माझ्याशी बोलणं बंद केलंत. दोन वर्षं. भांडण नाही, आदळआपट नाही. “तिला सांग चहा कडू झालाय.” “तिला इचार शाळा सुटली काय.” मी समोर असायचे आणि आईंच्या मार्फत निरोप यायचा. मास्तरीण ही हाक बंद झाली, तिच्या जागी कुठलीच आली नाही. मला ते फार लागलं, आबा. माझे बाबा मला ओरडले असते, चार दिवसांनी विसरले असते. तुमचं ओरडणं माझ्या वाट्याला आलंच नाही.

एकदाच आपण त्या विषयावर आलो. गेल्या वर्षी दुपारी ओट्यावर तुम्ही जाळं विणत होतात, मी वह्या तपासत होते, आई तांदूळ निवडत होत्या. तुम्ही अचानक म्हणालात, “तिला सांग, मी पोराला शिकवत व्हतो.”

मी सरळ तुम्हालाच उत्तर दिलं. “शिकवणारा चुकीचं उत्तर चालवून घेत नाही.”

“पोर चुकत नव्हता,” तुम्ही म्हणालात. “म्हनून चालवून घेत व्हतो.”

मी पुढची वही उघडली. जगन आज कोळीवाड्यातला चांगला तांडेल आहे, खुणा त्याच्या तोंडपाठ आहेत, कारण वर्षानुवर्षं तुम्ही विचारत होतात आणि तो मोठ्याने सांगत होता. मागे कधीतरी तुम्ही खरोखर शिकवत असाल. कधी शिकवणं संपलं आणि विचारणं सुरू झालं, ते तुम्हाला तरी कळलं का? हे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. मी म्हणत राहिले, बोलू, कधीतरी बोलू, आणि तुम्ही तीन दिवसांच्या दुखण्यात निघून गेलात.

बाराव्याला सगळा कोळीवाडा आला होता. रामा आला. होडी सोडल्यापासून तो बर्फाच्या कारखान्यात हलकी कामं करतो. त्याचा उजवा हात कोपरापाशी वाकडाच बसला आहे, तो डाव्या हाताने जेवला. पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी होडी फोडली, पन या मानसानं मना कवा तोंडावर बोललं नाय. असा तांडेल परत व्हनार नाय.” मी वाढत होते. त्याच्या पानात मी दोनदा भात वाढला, त्याने नको म्हटलेलं मला ऐकू आलं नाही.

आज घरात पहिल्यांदा मासळी शिजली. आई विळीवर बोंबील कापत होत्या, मी मीठ चोळत होते. त्या सहज बोलायला लागल्या.

“डोंगरावरून आला ना, त्या दिवशी मना बोलला, मास्तरीन मना माझं डोळं बगायला घेऊन गेली व्हती.”

माझे हात थांबले. “त्यांना कळलं होतं?”

“जायच्या आदीच. म्हनून तर गेला. नाय तर हा कुठला जातोय डोंगरावर.” त्यांनी बोंबलाचं डोकं उडवलं. “बोलला, वर धुकं व्हतं. गालाला ओल लागत व्हती, उनाचा पत्ता नाय. ती बोलली खाडी दिसतेय. मी हो बोललो. आता तिला समजलं. आता ती सांगल जगनला.”

“तुम्हाला ठाऊक होतं आई? मग तुम्ही का नाही बोललात?”

“मना बोलला, तू गप ऱ्हा. मास्तरीन शिकलेली हाय, ती नीट सांगल.” मग पुढचा बोंबील हातात घेत म्हणाल्या, “जगनला ताप आला त्या सकाळी उंबऱ्यात उभा व्हता बग. तुज्यासाठीच उभा व्हता.”

मी हात धुऊन मागच्या दाराशी येऊन बसले. आधी मला फक्त राग आला. चाळीस वर्षं समुद्रात गेलेल्या माणसाला ‘मला दिसत नाही’ हे तीन शब्द म्हणता येऊ नयेत? ते माझ्या तोंडून निघावेत म्हणून तुम्ही डोंगर चढलात, धुक्यातली खाडी बघितलीत, उंबऱ्यात उभे राहिलात, आणि मी बोलले नाही तर तीन माणसं घेऊन निघालात? आणि मग मी बोलले, तर दोन वर्षं अबोला? मला शिक्षा कशाची होती, सांगितल्याची की उशिरा सांगितल्याची?

मग राग उतरला आणि रडायला आलं. कारण उंबऱ्यात तुम्ही जसे उभे होतात, तशीच मी पट्टी भिजवत होते. आपण दोघंही वाट बघत होतो की समोरच्याने म्हणावं. घरच्या, दारच्या सगळ्यांतून तुम्ही तुमची सगळ्यांत अवघड गोष्ट माझ्याकडे सोपवलीत, जातीबाहेरच्या सुनेकडे. इतका विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी ठेवला नाही. आणि मी आठ दिवस उशिरा बोलले. आपल्या दोघांच्या त्या गप्प राहण्यात हात मात्र तिसऱ्याचाच मोडला.

मघाशी जगनला म्हटलं, रामाला सगळं सांगायला हवं. तो म्हणाला, “आता कशाला? मानूस गेला. लोक आबांचं नाव काढतायत, ते नाव जाईल.”

“जाऊ दे थोडं,” मी म्हटलं. “रामाचा हात गेलाय.”

तो उठून किनाऱ्यावर गेला, अगदी तुमच्यासारखा.

सकाळी शाळेआधी मी रामाच्या घरी जाणार आहे. त्याला सांगेन की टाकीला तू देऊळ म्हणालास हे खरं, पण ते ओळखणं तुझं काम नव्हतं. तांडेलाला दिसत नव्हतं, मला ते ठाऊक होतं, आणि तुला कुणी सांगितलं नाही. तो काय म्हणेल मला माहीत नाही. शिव्या देईल, नाही तर तुमचीच बाजू घेईल. यात तुमच्या वाटचं जे आहे तेही मीच बोलेन, आबा, कारण ते तुम्ही माझ्यावरच टाकून गेलात. या वेळी आठ दिवस लावणार नाही.